विषय: नाझीमभाईंचा रुमाल – आजच्या आज सांगा प्लीज

शिल्पा:
मंडळी, गुरुवारी निघतेय. अम्मान तीन रात्री, मग जॉर्डन नदीच्या पुलावरून जेरुसलेम आणि बेथलेहेम. आपल्या हॉलच्या नाझीमभाईंच्या निरोपाचं गिफ्ट माझ्याकडे दिलंय ना, तर कफिया, म्हणजे तो पॅलेस्टिनी रुमाल, अस्सलच हवा. मागच्या दिवाळीसारखं परत नको, सगळ्यांसमोर त्यांनी कोपरा उलटून लेबल वाचलं आणि "छान आहे, चीनचा आहे" म्हणाले, मला अजून आठवलं की कसंतरी होतं. आमच्या टूरमधे त्यांचं हेब्रॉन नाहीये. जेरुसलेमच्या जुन्या बाजारातला खरा कसा ओळखायचा??

मिलिंद:
तो रुमाल मी आणला होता. आदल्या दिवशी रात्री फोन करून सांगितल्यावर जे मिळालं ते आणलं, फोन कोणी केला ते सगळ्यांना माहितीये. असो. अम्मानमधेच घेऊन टाक, ढीग असतात.

वर्षाताई:
मिलिंद, अम्मानला आम्ही तीन वर्षं होतो म्हणून सांगते, तिथे लाल-पांढरा जास्त, तो जॉर्डनचा शेमाघ. कडेचे गोंडे हाताने बांधलेले असले तर काय देखणा दिसतो! पण नाझीमभाई हेब्रॉनचे, त्यांना काळा-पांढराच द्यायला हवा.

दत्ताकाका:
नुसत्या रंगावर जाऊ नका, पॅलेस्टाईनमधेही लाल वापरणारे आहेत. मी इचलकरंजीचा, घरी माग होते, म्हणून चार शब्द. हेब्रॉनला हिरबावींचा कफियांचा कारखाना आहे, १९६१ चा, जपानी सुझुकी माग, धोट्याचे. १९९३ च्या इस्रायल-पॅलेस्टाईन ओस्लो करारानंतर बाहेरचा स्वस्त माल शिरला आणि यांचे बरेचसे माग गप्प झाले, आमच्याकडे अर्ध्या गल्लीचा खडखडाट थांबला तसंच. पण हे टिकले. शिल्पा, कापड उलटून बघ, विणलेल्याची नक्षी पाठीवरही उमटते, छापलेल्याची पाठ फिकी. एक धागा जाळून बघ. सूत कागदासारखं जळतं, पॉलिस्टरची गोळी होते.

मिलिंद:
काका, दुकानात काडी लावायची?? आणि चिनी मालही विणलेलाच असतो की, सुतीही मिळतो. मग यातून काय कळलं?

दत्ताकाका:
छापील आणि पॉलिस्टर तरी गळाले ना? पुढे लेबल. हिरबावींचं नाव नसेल तर नाझीमभाई परत कोपरा उलटतीलच.

रोहन:
नवीन आहे, चुकलं तर सांगा. २०२४ मधे इथे कॅनडात, आपल्या ऑंटारियोच्या विधानसभेत सभापतींनी राजकीय खूण म्हणून कफियावर बंदी घातली होती, नंतर थोडी सैल केली. समारंभाचे फोटो मंडळाच्या पेजवर जाणार. आपलं सांस्कृतिक मंडळ आहे, उगाच वाद कशाला? पेन सेट देऊया.

वर्षाताई:
अरे रोहन, नऊ हिवाळे तो माणूस तोच रुमाल गळ्यात गुंडाळून आपल्या हॉलसमोरचा बर्फ काढतोय. आपले गणपतीचे मखर बेसमेंटमधे फुकट ठेवू दिलेत. पॅलेस्टाईनमधल्या ब्रिटिशांविरुद्धच्या १९३६ च्या उठावापर्यंत तर कफिया म्हणजे खेड्यातल्या शेतकऱ्यांचं डोक्याला बांधायचं फडकं, मग शहरवाल्यांनीही तारबूश, म्हणजे उंच लाल टोपी, काढून तेच बांधलं. आपल्या मुंडाशासारखं समज. पेन सेट तुझ्या बॉसला दे.

मिलिंद:
मखर फुकट नाही, मी दरवर्षी दिवाळीचा फराळ पोचवतो.

शिल्पा:
मखराचं नंतर! बेथलेहेमहून हेब्रॉनला शेअर टॅक्सी जातात म्हणे, रस्ता उघडा असला तर. पण आमची मोकळी दुपार नेमकी शुक्रवारची, कारखाना बंदच असणार. म्हणून दोन घेते, बेथलेहेममधे लेबल बघून काळा-पांढरा नाझीमभाईंना, आणि अम्मानचा गोंडेवाला लाल माझ्या बाबांना, त्याचे पैसे माझे. चालेल?

सुहास (खजिनदार):
गिफ्टचं बजेट ६० डॉलर, तेही फक्त काळ्यासाठी. पावती शेकेलमधे चालेल, पण रक्कम इंग्रजी आकड्यांत लिहून घे, मागच्या वेळी ऑडिटला मी तोंडघशी पडलो होतो. आणि रविवारी मोठं पातेलं कोणाच्या गाडीत गेलं?