विनातिकीट सापडला म्हणून गाडीतून उतरवायचं?

विनातिकीट सापडला की पुढच्या स्टेशनावर उतरवा, असं कुणीतरी लिहिलंय, ते मला अजिबात पटलं नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्यातसुद्धा सोबत पुरुष प्रवासी नसलेल्या बाईला किंवा मुलाला असं कुठेही उतरवता येत नाही. प्रवास सुरू केला ते स्टेशन, नाहीतर जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं ठिकाणच लागतं आणि तेही दिवसाउजेडी. आमच्या मिरज-लोंढा मार्गावर देसूर किंवा पाच्छापूरसारख्या छोट्या स्टेशनावर रात्री उतरवलेल्या माणसानं जायचं कुठं?

नुसतं तिकीट नसेल तर त्याच कायद्याच्या कलम १३८ प्रमाणे भाडं आणि वर किमान २५० रुपये दंड. फसवायचा इरादा असेल तर कलम १३७ वेगळं आहे, त्यात कैदही आहे. हा फरक टीसीनं डब्यात पाळायला हवा.

गेल्या पावसाळ्यात खानापूरकडच्या एका स्टेशनावर मी रांगेत होतो. खिडकी एकच, आतला माणूस सुट्ट्या पैशांवरून वाद घालतोय आणि गाडी आली. माझ्या पुढच्या आजी भाजीची बुट्टी डोक्यावर घेऊन तशाच चढल्या, मुठीत दहाची नोट घट्ट धरलेली. बेळगावात टीसीनं अडवलं, आणि त्याची कन्नड त्यांना कळेना. आम्ही चौघांनी मिळून दंड भरला. त्या मात्र ती नोट पुन्हा पुन्हा माझ्यापुढे करत होत्या.

रोज मुद्दाम फुकट फिरणाऱ्यांना जरूर पकडा, कोर्टात उभं करा. पण गाडीच्या वेळेला दुसरी खिडकी आधी उघडा.