बाबांच्या ड्रिल मशीनमधून ठिणग्या, जळका वास

लोकमान्यनगर, इंदूर
बाबांची ड्रिल मशीन वर्षभर माळ्यावर होती. वायरवाली, १३ मिमी चकची (चक म्हणजे पुढचं बिट पकडणारं तोंड). काल पडद्यांचे रॉड लावायला काढली. दोन भोकं नीट पडली. तिसऱ्याला मागच्या जाळीतून निळसर ठिणग्या दिसल्या, जळका वास आला. लगेच बंद केली. दुकानदार म्हणतो नवीन घ्या, पण मला हीच चालवायचीय. आधी काय बघू?

उत्तर १
कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला घासत वीज पोचवणारे छोटे ठोकळे) संपले असतील. सियागंज बाजारात मिळतील, जुना नमुना बरोबर न्या.

उत्तर २
ताई, मी मोटर वाइंडिंगचं काम करतो. कार्बनच्या आधी वायर बघा. प्लग काढून ठेवा, मगच हात लावा. हँडलमधून वायर निघते तिथून वीतभर बोटांनी दाबत, वाकवत जा. एखाद्या जागी ती फारच लुळी पडली तर आतली तांब्याची तार तुटलीय. टेप गुंडाळू नका, तेवढा तुकडा कापून जोडून घ्या.

मग कार्बन. काहींना बाजूला गोल झाकणं असतात, नाहीतर बॉडी खोलावी लागते. पाच-सहा मिमीहून कमी उरला असेल तर बदला, आणि जोडीच बदला. नवा कार्बन कम्युटेटरवर, म्हणजे तो ज्या फिरत्या तांब्याच्या भागावर घासतो त्यावर, नीट बसेपर्यंत पाचेक मिनिटं भोक न पाडता नुसती फिरवा. थोड्या ठिणग्या चालतील. पण कम्युटेटरभोवती ठिणग्यांचं अख्खं कडं फिरताना दिसलं किंवा वास गेलाच नाही, तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा तारा गुंडाळलेला भाग, तपासून घ्या.

जाळीतली प्लास्टरची धूळ कोरड्या ब्रशने काढा. छताला भोकं पाडली की ती सगळी आत जाते. तेल फक्त चकच्या जबड्यांना, एक थेंब. कार्बनला लागता कामा नये.

लोकमान्यनगर, इंदूर
काका, वायर ठीक आहे. एक कार्बन जेमतेम चार मिमी, दुसरा आठ. जोडी आणते. प्लगला दोनच पिना आहेत, अर्थिंग नको का? आणि बाबांनी चकची किल्ली सुतळीने प्लगजवळ बांधलीय. मशीनजवळ बांधली तर सोयीचं नाही का?

उत्तर २
बॉडीवर चौकोनात चौकोन असेल तर डबल इन्सुलेशन आहे, म्हणजे वीज अडवणारं आवरण दुहेरी आहे, दोन पिना बरोबर. किल्ली हलवू नका. ती तिथे असली की प्लग काढल्याशिवाय चकपर्यंत पोचतच नाही. बाबांनी मुद्दाम बांधलीय. सुतळी जुनी झाली असेल तर तेवढी बदला.