अर्ज भरायच्या आधीचा खर्च कुणाच्या वहीत?

कसब्यातला कारकून:
विधानसभेला उमेदवाराला 40 लाखांची मर्यादा. 2024 च्या प्रचारात आमच्या गल्लीत फेरी आली तेव्हा शेजारचे काका आणि मी ओट्यावर बसून बेरीज मांडत होतो: ढोलपथक, उपरणी, दोन रथ, शेवटी मिसळ. निवडणूक अधिकारी दरपत्रक काढतात, त्यात चहा-खुर्चीचेही भाव असतात, तेव्हा हे धरलं गेलं असेल. पण खरा खर्च आधीच उरकलेला होता! श्रावणात देवदर्शनाच्या बस, गणपतीत कमानी, नवरात्रात पैठणीचे खेळ. दिवाळीची उटण्या-साबणाची पिशवी तर आमच्याकडे दसऱ्यालाच पोचली, वर भाऊंचा हात जोडलेला फोटो. 15 ऑक्टोबरला आचारसंहिता लागली.

यातलं काहीच हिशेबात नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 77 प्रमाणे वही उघडते उमेदवारीच्या दिवशी आणि मिटते निकालाच्या. पक्षाच्या खर्चाला तर मर्यादाच नाही. हवं तर 40 चे 80 लाख करा, पण निवडणुकीआधीच्या वर्षभरातला पैसा कुणाचा, ते नावासकट कळू द्या.

मांडववाला, हडपसर:
कारकून साहेब, एकदा वर्गणीचं पुस्तक घेऊन सोसायट्यांमध्ये फिरून या. वॉचमन गेटच्या आत सोडत नाही. कमानीचे पैसे आले नाहीत तर मंडळाचा मांडव उभा राहणार कशावर? आणि नावं जाहीर करा म्हणणं सोपं आहे. माझ्या भावाचं हार्डवेअरचं दुकान आहे. एका पार्टीला 11 हजार दिले हे कळलं, की दुसऱ्या पार्टीची पोरं संध्याकाळी शटरपाशी हजर. त्यांनाही 11. नाव गुप्त आहे म्हणून दुकान चालू आहे.

ताळेबंद:
देणाऱ्याला त्रास नको, हेच कारण सांगून 2018 मध्ये निवडणूक रोखे आणले होते: बँकेतून विकत घ्यायचे आणि नाव जाहीर न होता पक्षाला द्यायचे. रोखे विकणारी बँक सरकारी. म्हणजे नाव झाकलं कुणापासून? तुमच्याआमच्यापासून. 15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ती योजना एकमताने रद्द केली. मार्चमध्ये यादी बाहेर आली तेव्हा सगळ्यात मोठी खरेदीदार निघाली लॉटरीच्या धंद्यातली कंपनी, 1,368 कोटींची. हार्डवेअरवाल्याची भीती खरी आहे, पण त्याच्या पदराआड कोण लपतं ते बघा. छोट्यांना सूट आजही आहे: 20 हजारांपर्यंत देणाऱ्याचं नाव पक्षाला आयोगाकडे कळवावं लागत नाही. अडचण एवढीच, की तुमच्या भावाचे 11 हजार पक्षाच्या खात्यात जातच नसतील. पावती मिळाली का?

मांडववाला, हडपसर:
पावती मागितली तर 21 द्यावे लागतील.

धायरीकर:
रोखे गेले, पैसा थांबला का? चेकचा पुन्हा पिशवीत आला असेल. मी तर म्हणतो मर्यादाच काढा. 40 लाखांत मतदारसंघ होत नाही हे शेंबडं पोरही सांगेल, म्हणून सगळे खोटं लिहितात.

कसब्यातला कारकून:
मर्यादा काढा, माझी ना नाही. नाव ठेवा.

एक माजी अपक्ष:
मी महापालिकेला उभी राहिले होते, म्हणून बोलते. दिवसभर प्रचार आणि रात्री जेवणाच्या टेबलावर चहा-रिक्षाच्या चिठ्ठ्या चिकटवणं. नवरा म्हणायचा, मतं मागतेयस की ऑडिट देतेयस? दोनदा तर नुसत्या शंका विचारायला हेलपाटे घातले. समोरच्यांचा सी.ए. एसी गाडीतून फाइल घेऊन यायचा. त्यांची फाइल माझ्यापेक्षा नीटनेटकी होती! वर्षभराचा हिशेब मागितलात तर ते आणखी एक सी.ए. ठेवतील आणि माझ्यासारखी घरी बसेल. तुमच्या नियमात आधी आम्हीच अडकणार.

ताळेबंद:
ताई, हे मान्य. मग ओझं उमेदवारावर टाकू नका, बिल बनवणाऱ्यावर टाका. फ्लेक्स, कमान, बस, ज्यावर पुढाऱ्याचा फोटो असेल त्याचं बिल कुणी भरलं ते विक्रेत्याने कळवायचं.

मांडववाला, हडपसर:
म्हणजे फिरून माझ्याच गळ्यात! अहो, कमानीवर भाऊंचा चार फुटी फोटो असतो. याहून पारदर्शक काय पाहिजे?

कसब्यातला कारकून:
फोटो भाऊंचा. बिल कुणाच्या नावाने फाडता?

मांडववाला, हडपसर:
मंडळाच्या.

कसब्यातला कारकून:
आणि पैसे?

मांडववाला, हडपसर:
पैसे घेऊन पोरगा येतो. कुणाचा पोरगा, ते विचारायची आमच्या धंद्यात पद्धत नाही.