ॲलेक्स स्मिथला कितव्या वर्षी सूर सापडला?
अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू. 'ज्याच्यात दम आहे तो क्वार्टरबॅक कुठल्याही संघात चमकतोच' हे मत मला अजिबात पटत नाही. ॲलेक्स स्मिथ बघा. 2005 च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात ती फेरी) सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स या संघाने त्याला पहिल्याच क्रमांकावर घेतलं. त्या मोसमात टचडाउन पास (गुण मिळवून देणारी फेक) 1, इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने पकडलेली फेक) 11. लोकांनी लगेच निकाल लावून टाकला. पण त्याला जवळपास दरवर्षी नवा आक्रमण-प्रशिक्षक मिळत होता! म्हणजे प्लेबुक (चालींची वही) नवं, हडलमध्ये (चालीआधी जमणाऱ्या खेळाडूंच्या घोळक्यात) चाल सांगायची पद्धत नवी, चेंडू हातात आल्यावर आधी कोणाकडे बघायचं तेही नवं. घोकलेलं सगळं पुसून पुन्हा श्रीगणेशा.

खांद्याच्या दुखापतीने 2008 चा अख्खा मोसम गेला, तेही मान्य. पण 2011 मध्ये जिम हार्बो मुख्य प्रशिक्षक म्हणून आले, त्यांनी त्याच्यावर विश्वास टाकला, बचावफळी भक्कम होतीच. आणि त्याच स्मिथने 17 टचडाउन पास दिले, इंटरसेप्शन फक्त 5. संघाने 13 सामने जिंकले, हरले फक्त 3.