पडल्यामुळे व्हॅनिशिंग व्हाइट मॅटर होतो का? आणि मोठ्या बहिणीची तपासणी करायची का?

धाकटी_मावशी

माझ्या ताईचा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. छान पळत-बागडत होता. आजोबांजवळ खेळताना सोफ्यावरून पडला. टेंगूळ आलं, बाकी काही नाही. पण दुसऱ्या दिवसापासून पाय लटपटायला लागले, उलट्या झाल्या, सारखी गुंगी. आता धरल्याशिवाय उभा राहत नाही. एमआरआयमध्ये मेंदूच्या दोन्ही बाजूंचं व्हाइट मॅटर (मेंदूतले संदेश वाहणारा पांढरा भाग) पाण्यासारखं दिसतंय. जनुकीय तपासणीत ईआयएफ२बी५ जनुकात दोन दोष सापडले. निदान: व्हॅनिशिंग व्हाइट मॅटर, म्हणजे हे व्हाइट मॅटर हळूहळू नष्ट होत जाण्याचा आनुवंशिक आजार.

डॉक्टरांनी समजावलं, पण ताई-भावजी तेव्हा काही ऐकण्याच्या मनःस्थितीतच नव्हते. आजोबा 'माझ्यामुळेच झालं' म्हणत बसलेत, नातवाला उचलायलाही घाबरतात. शिवाय नऊ वर्षांची भाची आहे, ठणठणीत. भावजी म्हणतात तिची तपासणी लगेच करू, ताई म्हणते मुळीच नको. रिपोर्ट वाचायचं काम माझ्या गळ्यात पडलंय आणि माझा संबंध आकडेमोडीशी, जीवशास्त्राशी नाही. कुणी नीट उलगडून सांगेल का?

रात्रपाळीवाला

मावशी, आमच्या मुलीला हाच आजार आहे. आता अकरा वर्षांची आहे.

आधी आजोबांचं. पडणं हे निमित्त, कारण नव्हे. एक दोष आईकडून, एक वडिलांकडून, असे दोन्ही त्याच्यात जन्माआधीपासूनच होते. एमआरआयमध्ये दोन्हीकडे सारखा पसरलेला बदल एका टेंगळाने रातोरात होत नाही. व्हाइट मॅटर आधीच आजारी असतं, बाहेर दिसत नाही एवढंच. डोक्याला हलका मार, ताप, क्वचित जबरदस्त दचकणं, एवढ्यानेही मूल एकदम खाली घसरतं. आमच्याकडे साध्या सर्दी-तापाने सुरुवात झाली, तेव्हा कुणाला दोष देणार? आजोबांना हे डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवा, घरच्यांचं ते सांत्वन समजतील. आणि थर्मामीटर त्यांच्या ताब्यात द्या. मनापासून सांगतोय, या आजारात ते मोठं काम आहे.

तापाची वाट पाहायची नाही. अंग कोमट लागलं की मोजायचं. औषध किती आणि केव्हा, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यायचं. जंतुसंसर्गाला लवकर उपचार. लसी सगळ्या, फ्लूचीसुद्धा. लसीनंतर ताप आला तर काय करायचं तेही आधी विचारून ठेवा. शस्त्रक्रिया किंवा भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञाला पहिल्यांदा आजाराचं नाव सांगा. हेल्मेट आम्ही आणलं, बाईसाहेबांनी ते बाहुलीला घातलं. शेवटी टेबलाचे कोपरे झाकले, जमिनीवर जाड चटया टाकल्या. खेळणं मात्र बंद करू नका.

पुन्हा चालेल का? अशा झटक्यानंतर बरीच मुलं थोडी सावरतात, पूर्वीइतकी बहुधा नाही. लक्षणं जितक्या लहान वयात दिसतात तितका वेग साधारण जास्त. समज मात्र पायांपेक्षा चांगली टिकते. आमची मुलगी पत्त्यांत मला राजरोस लुटते. 'मेंदूची शक्ती वाढवणारी' पावडर विकणारे आता तुम्हाला शोधत येतील. त्यांना दारातूनच परत पाठवा.

जनुक_समुपदेशक

थोडं विज्ञान. ईआयएफ२बी हे पाच भागांचं प्रथिन प्रत्येक पेशीत असतं. प्रथिनं बनवायला सुरुवात करायची की थांबायचं, हे ते ठरवतं, आणि ताप किंवा इजा अशा ताणात हे नियंत्रण फार महत्त्वाचं असतं. दोष सगळ्या पेशींत असला तरी सर्वाधिक झळ लागते मेंदूतल्या व्हाइट मॅटरच्या आधारपेशींना, विशेषतः अ‍ॅस्ट्रोसाइट्सना. आजाराची वर्णनं १९९४ आणि १९९७ मध्ये दोन वेगळ्या नावांनी झाली. २००१-०२ मध्ये जनुकं सापडली. पाच भागांची पाच जनुकं, त्यांपैकी कुठल्याही एकाच जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर आजार. ईआयएफ२बीला चालना देणाऱ्या औषधाच्या मानवी चाचण्या सुरू झाल्या आहेत, पण आजार थांबवणारं मान्यताप्राप्त औषध अजून नाही.

आता पहिलं काम: आईवडिलांची तपासणी. एकेक दोष एकेकाकडून आलाय याची खात्री झाली की निदान पक्कं होतं. पुढच्या प्रत्येक गर्भात आजाराची शक्यता २५ टक्के, आणि दोष माहीत असल्याने गर्भाची तपासणी करता येते.

भाचीबाबत दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेत. ती वाहक आहे का, म्हणजे तिच्यात जनुकाची एकच प्रत बिघडलेली आहे का? शक्यता साधारण दोन-तृतीयांश, पण वाहक आजारी पडत नाहीत, त्यामुळे हा निर्णय मोठी झाल्यावर तिचा तिला घेऊ द्यावा. दुसरा प्रश्न, तिलाही आजार आहे का? हा आजार मोठेपणीही सुरू होऊ शकतो (काही स्त्रियांमध्ये अंडाशयाचं कामही लवकर थांबतं), त्यामुळे नऊ वर्षं ठणठणीत असणं ही पूर्ण हमी नव्हे. तरी माझं मत घाई नको. तोल जाऊ लागला किंवा तापानंतर काही बिघडलं तर लगेच करा.

रात्रपाळीवाला

इथे मी भावजींच्या बाजूने. आम्ही धाकट्याची केली. फुटबॉलला पाठवायचं की नाही, ताप आला की किती धावपळ करायची, हे रोजचे प्रश्न असतात, मोठेपणाची वाट पाहत नाहीत. तो निरोगी निघाला. वाहक आहे का ते आम्ही रिपोर्टात कळवू नका म्हणून आधीच सांगितलं होतं.

जनुक_समुपदेशक

तसं सांगता येतं, बरोबर. फक्त उलट उत्तर आलं असतं तर काय केलं असतं, याचा विचार नमुना देण्याआधी व्हायला हवा. ताई आणि भावजींनी समुपदेशकासमोर एकत्र बसावं, एकेकट्याने नको.

धाकटी_मावशी

दोघांचे आभार. दोन्ही उत्तरं ताईला वाचून दाखवली. भाचीवरून अजून वाद चालूच आहे, समुपदेशकाची वेळ घेतलीय. रात्री अनोळखी डॉक्टरांकडे न्यायची वेळ आली तर सोबत कोणता कागद असावा?

रात्रपाळीवाला

न्यूरोलॉजिस्टच्या सहीचं एक पानी पत्र. आजाराचं नाव, जनुक, वजन, तापाच्या औषधाचा डोस, नेहमीची औषधं. त्याखाली ठळक: 'ताप किंवा डोक्याला मार, कितीही किरकोळ असला तरी, निरीक्षणाखाली ठेवावे.' फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये, आजोबांच्याही. वजन वाढलं की पत्र बदलून घ्या.