‘सदोष मनुष्यवध’ की ‘हयगय’? सेन्नाच्या खटल्यावरून एक शंका

प्रश्न

फॉर्म्युला वनचा ब्राझिलियन ड्रायव्हर आयर्टन सेन्ना याच्यावरचा एक मराठी लेख वाचत होतो. १ मे १९९४ रोजी इटलीतल्या इमोला शर्यतमार्गाच्या ताम्बुरेल्लो वळणावर त्याची गाडी भिंतीवर आदळली, तो गेला, आणि पुढे इटलीत त्याच्या संघाचे मालक फ्रँक विल्यम्स, तांत्रिक प्रमुख पॅट्रिक हेड, गाडीचे डिझायनर एड्रियन न्यूई वगैरेंवर ‘सदोष मनुष्यवधा’चा खटला चालला, असं त्यात लिहिलंय. मूळ इटालियन शब्द ‘ओमिचीदिओ कोल्पोझो’. भाषांतर बरोबर आहे का? ‘वध’ कानाला फार खटकतो.

प्रतिसाद

तुमच्या कानाला खटकलं ते योग्यच आहे. मराठीत वध ठरवून होतो: कीचकवध, अफझलखानाचा वध. निष्काळजीपणातून कुणाचा ‘वध’ झाला, असं आपण कधीच म्हणत नाही.

पण खरी चूक कायद्याची आहे. आपल्या दंडविधानात सदोष मनुष्यवध म्हणजे ज्यात मारण्याचा उद्देश असतो, किंवा निदान ‘याने माणूस मरू शकतो’ ही जाणीव असते, असं कृत्य. इटालियन ‘कोल्पोझो’ नेमका याच्या उलट आहे. तिथल्या दंडसंहितेत उद्देशपूर्वक केलेलं ते ‘दोलोझो’ आणि उद्देश नसताना निष्काळजीपणाने, अकुशलतेने किंवा नियम न पाळल्याने घडलेलं ते ‘कोल्पोझो’. कलम ५८९. ‘कोल्पा’ म्हणजे दोष, म्हणून ‘सदोष’ असा सरळ हिशोब कुणीतरी केला असणार. शब्दाचं मूळ जुळलं, अर्थ मात्र पार उलटा झाला.

आपल्याकडे याला जवळचं जुनं कलम ३०४-अ, आता भारतीय न्याय संहितेचं १०६: हयगयीने मृत्यूस कारणीभूत होणे. ‘हयगय’ हा शब्द पोलीस ठाण्यात रोज लिहिला जातो. कोणत्याही अपघाताची फिर्याद काढून बघा: ‘आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात चालवून…’ माझं काम कोर्टाच्या कागदांच्या भाषांतराचं, त्यामुळे हे वाक्य मला तोंडपाठ आहे. इतका नेमका शब्द हाताशी असताना वर्तमानपत्रं ‘अपघात की घातपात?’ एवढंच विचारतात. या दोहोंच्या मधली जागा हयगयीची आहे आणि सेन्नाचा खटला पूर्णपणे त्याच जागेत उभा होता. त्याला गाडीत हाताला जागा कमी पडत होती, म्हणून स्टीअरिंग कॉलम (स्टीअरिंगचं चाक ज्यावर बसतं तो दांडा) कापून मध्ये कमी व्यासाची नळी वेल्ड केली होती. ती धावत्या गाडीत तुटली की भिंतीच्या धडकेत, यावर सगळा वाद. त्याला मारायचं होतं असं सरकारी वकिलांनीही कधी म्हटलं नाही.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नाही. भोपाळच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सदोष मनुष्यवधाचा आरोप काढून हयगयीचा ठेवला, आणि कमाल शिक्षा दहा वर्षांवरून दोन वर्षांवर आली. हजारो माणसं गेलेल्या गावाला विचारा या दोन शब्दांत काय फरक आहे ते.

शिवाय ‘सदोष’चा रोजचा अर्थ वेगळाच: सदोष बांधकाम, सदोष यंत्र. ‘सदोष स्टीअरिंगमुळे सदोष मनुष्यवध’ असं छापलं तर वाचणाऱ्याने काय समजायचं?

प्रश्न

पटलं. मग हेड यांच्याबद्दल काय लिहायचं? त्याच लेखात एकदा ‘निर्दोष’ आणि पुढे ‘दोषी’ असं आहे.

प्रतिसाद

डिसेंबर १९९७ मध्ये सगळे सुटले, १९९९ च्या अपिलातही निकाल तोच राहिला. २००३ मध्ये इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण परत पाठवलं. मग न्यूई यांची सुटका कायम झाली, पण २००७ च्या अंतिम निकालात म्हटलं की कॉलमच्या बदलाचं डिझाइन आणि काम दोन्ही वाईट होतं, त्यातून तो तुटला आणि जबाबदारी हेड यांची. शिक्षा नाही, कारण तोवर मुदत उलटली होती.

इथे ‘मुदतबाह्य’ लिहिलंत तर आपला वाचक समजेल की खटला उशिरा दाखल झाला. आपल्याकडे मुदत बघतात ती न्यायालय गुन्ह्याची दखल घेतं तेव्हा. इटलीत त्या काळी खटला चालू असतानाही घड्याळ चालूच राही, आणि अंतिम निकालाआधी वेळ संपली की शिक्षा गेली. तेव्हा ‘निकाल लागेपर्यंत मुदत संपली’ असं सरळ लिहा.

निकालातल्या ‘ओमेस्सो कोन्त्रोल्लो’चं भाषांतर कुणी ‘नियंत्रण न ठेवणे’ करतं. त्याने सेन्नाचाच गाडीवरचा ताबा सुटला असं वाटतं, आणि गेलेल्या माणसावर ठपका येतो. इटालियनमध्ये ‘कोन्त्रोल्लो’ म्हणजे आधी तपासणी. म्हणून मी लिहीन: ‘तपासणीत कसूर केल्याबद्दल हेड यांना जबाबदार धरलं, मात्र मुदत संपल्याने शिक्षा झाली नाही.’ यात ‘दोषी’ही नको आणि ‘निर्दोष’ही.