लेकीचं तोंड वाकडं झालंय, गोचिडीमुळे होणारा लाइम आजार असेल का? (स्टुटगार्ट, जर्मनी)

रानवाट: मुलगी ६ वर्षांची. कालपासून हसताना तोंड एका बाजूला ओढलं जातंय, डावा डोळा पूर्ण मिटत नाही. आठवडाभर डोकं दुखतंय म्हणत होती, जेवणही कमी. अंगावर लाइमचा चट्टा दिसला नाही. गेल्या वर्षी नवऱ्याला गोचीड चावून नसांचा लाइम झाला होता. पण त्याला पाठीतून पायात आग व्हायची, चेहरा ठीक होता. गोचिडीची लस तर आम्ही सगळ्यांनी घेतलीय. परवा बालरोगतज्ज्ञांची वेळ आहे. काय विचारू?

निशिगंधा_न्यूरो: परवापर्यंत थांबू नका, आजच मुलांच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या. हातपाय लुळे वाटले किंवा बोलणं अडखळलं तर थेट ११२.

ती लस गोचिडीतूनच येणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूवरची. लाइम जिवाणूमुळे होतो, त्यावर तिचा उपयोग नाही.

नवऱ्याचं दुखणं युरोपातल्या मोठ्या माणसांचं नेहमीचं: मणक्यातून निघणाऱ्या नसांची मुळं सुजतात, रात्री वेदना वाढते, साध्या गोळीने थांबत नाही. बानवार्थ सिंड्रोम म्हणतात त्याला. मुलांत हे क्वचितच. त्यांच्यात चेहऱ्याची नस लुळी पडते, नाहीतर मेंदूच्या आवरणाला सूज येते, आणि ती सूजही इतकी सौम्य की डोकेदुखी, मंद भूक, चिडचिड एवढंच दिसतं. मुलांना गोचीड डोक्या-मानेला जास्त चावते, हे त्यामागचं एक कारण मानतात. चट्टा नाही म्हणून लाइम नाही, असं धरू नका.

रानवाट: पाठीतलं पाणी काढायचं म्हणाले तर? एवढीशी आहे हो ती.

निशिगंधा_न्यूरो: हो म्हणा. सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तातली अँटीबॉडी निगेटिव्ह येऊ शकते. पाण्यात वाढलेल्या पांढऱ्या पेशी आणि तिथेच तयार झालेल्या अँटीबॉडी सापडल्या की निदान पक्कं होतं. जर्मनीत या वयाला बहुधा सेफ्ट्रिअॅक्सोन हे अँटिबायोटिक शिरेतून १४ दिवस देतात, मोठ्यांना डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्याही चालतात. लाइमच्या लकव्यात स्टेरॉइडचा फायदा सिद्ध नाही, सुचवलं तर कारण जरूर विचारा.

सायलीची_आई: आमच्या लेकाला ८व्या वर्षी हेच झालं होतं. डोळा जपा! दिवसा थेंब, रात्री मलम आणि वर पट्टी, नाहीतर बुबुळ कोरडं पडतं. केसांत, कानामागे गोचीड अजून चिकटलेली आहे का बघा. त्याचा चेहरा दोनेक महिन्यांत पूर्ववत झाला. बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात, मोठ्यांचंच दुखणं जास्त रेंगाळतं.

रानवाट: निघतोय. कानामागे काही नाही, केस गाडीत बघते.